खोल समुद्रातल्या माशांचं लांबी-वजनाचं गणित पहिल्यांदा करताय? आधी हे वाचून घ्या

मी पहिल्यांदा खोल पाण्यातल्या माशांचा डेटा घेऊन बसले तेव्हा वाटलं होतं की दोनच तर कॉलम आहेत, एकात लांबी एकात वजन, ग्राफ काढायचा, स्लोप लिहायचा, संध्याकाळपर्यंत उरकेल. त्या दोन कॉलमनी माझे चार महिने खाल्ले. कितीतरी माशांची शेपटं तुटलेली होती, काही मासे ताजे मोजलेले, काही फ्रीझरमधून काढून, काही अल्कोहोलच्या बरणीतून, आणि कोणता कसा मोजला हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटी निम्म्याहून जास्त ओळी सोडून द्याव्या लागल्या, आणि ते मासे परत मिळणारे नव्हते.

गणित दहा मिनिटांचं आहे. खरं काम मासा समोर असताना होतं, आणि तेच कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. तुम्ही विद्यार्थी असा, सर्व्हेच्या जहाजावर पहिल्यांदा जात असा, की कुणाच्या तरी जुन्या बरण्या मोजायला बसला असा, पायऱ्या त्याच आहेत.

१) समीकरण पाठ करू नका, समजून घ्या

लांबी आणि वजनाचं नातं सरळ रेषेचं नसतं. मासा लांबीला दुप्पट झाला तर तो उंचीलाही वाढतो आणि जाडीलाही, म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, वजन आठपट. म्हणून सगळे हे सूत्र वापरतात:

वजन = ए × (लांबी)^बी

यातला बी म्हणजे घात. अंगाची ठेवण तशीच ठेवून मासा वाढत असेल तर बी ३ येतो. ३ पेक्षा कमी आला तर मासा मोठा होताना तुलनेने सडपातळ होत जातो, जास्त आला तर अंगाने भरत जातो. दशांशातला फरक किरकोळ वाटतो पण किरकोळ नसतो. लांबी दुप्पट झाल्यावर बी २.८ असेल तर वजन साधारण ७ पट होतं, बी ३.२ असेल तर ९ पटीच्या थोडं वर जातं. बहुतेक माशांचा बी २.५ ते ३.५ या पट्ट्यात पडतो आणि त्यातही जास्त करून ३ च्या आसपास, त्यामुळे तुमचा ४.१ आला तर आनंद मानू नका, आधी डेटा तपासा.

ए हा अंगाच्या ठेवणीचा आकडा. सेंटिमीटर आणि ग्रॅम वापरले आणि बी ३ च्या जवळ असला तर साप-वामसारख्या माशांचा ए ०.००१ च्या आसपास असतो, लांबुडक्या माशांचा ०.००४, मधे फुगीर आणि दोन्हीकडे निमुळत्या माशांचा ०.०११, आणि आखूड-उंच माशांचा ०.०२ च्या आसपास. खोल समुद्रात ही सगळी टोकं भेटतात. स्नाइप ईल हा दोरीसारखा मासा, मणक्यांची संख्या ७५० च्या घरात, त्याचा ए अगदी बारीक येणार. हॅचेटफिश कुऱ्हाडीच्या पात्यासारखा उंच आणि चपटा, त्याचा ए मोठा. तेव्हा दोन जातींच्या नुसत्या ए ची तुलना करून "ही जात जड" असं म्हणू नका. ए आणि बी जोडीनेच वाचायचे असतात, एक वर गेला की दुसरा खाली येतो.

२) हाताशी काय काय हवं

मोजण्यासाठी:
- मेजरिंग बोर्ड, एका टोकाला उभी पट्टी असलेला, मिलिमीटरच्या खुणा स्पष्ट दिसणारा
- लहान माशांसाठी कॅलिपर, डिजिटल असला तर बरं
- दोन वजनकाटे, एक ०.०१ ग्रॅम किंवा त्याहून बारीक मोजणारा, एक किलोत मोजणारा, आणि काटा तपासायला माहीत वजनाची वजनं
- बर्फ, ट्रे, टिश्यू पेपर, चिमटा, पाण्याने न पुसली जाणारी पेन्सिल, वॉटरप्रूफ कागदाच्या चिठ्ठ्या
- कॅमेरा, आणि फोटोत ठेवायला पट्टी

कागदपत्रं:
- कुठल्या स्टेशनवर, किती खोलीवर, कुठल्या जाळ्याने, कधी ओढलं याची नोंदवही (याची कॉपी स्वतःजवळ ठेवा, नंतर मागितली की मिळत नाही)
- मासे गोळा करायचा परवाना, म्युझियममधले नमुने असतील तर ते हाताळायची लेखी परवानगी आणि नमुन्याचा नंबर
- जात ओळखण्याची किल्ली, त्या भागाची

आणि एक कोरा कॉलम. त्याचं नाव "शेरा". तो कॉलम मी पहिल्या वेळी ठेवला नव्हता, आणि वर सांगितलेले चार महिने त्याच्यापायी गेले.

३) मासा नक्की कुठला ते ठरवा

ही पायरी लहान आहे पण चुकली तर पुढचं सगळं वाया. लँटर्नफिशच्या जाती अंगावरच्या प्रकाशाच्या ठिपक्यांच्या मांडणीवरून ओळखतात, आणि जाळ्यात घासून नेमके तेच ठिपके, खवले, कातडी निघून जातात. अर्धवट सोललेला मासा अंदाजाने एका जातीत टाकला की दोन जातींचे बिंदू एकाच ग्राफमध्ये मिसळतात, लहान सगळे एका जातीचे, मोठे सगळे दुसऱ्या जातीचे, आणि त्यातून निघणारा बी कुठल्याच जातीचा नसतो. ओळख पटत नसेल तर वंशापर्यंतच लिहा आणि त्या माशाला हिशोबातून बाहेर ठेवा. फोटो मात्र प्रत्येकाचा घ्या, डाव्या बाजूचा, पट्टी आणि चिठ्ठीसकट.

४) कुठली लांबी? इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात

"लांबी" नावाची एक गोष्ट नाहीच. निदान चार आहेत:

एकूण लांबी म्हणजे तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या शेवटच्या टोकापर्यंत. फोर्क लेंग्थ म्हणजे शेपटीच्या पराच्या बेचक्यापर्यंत. स्टँडर्ड लेंग्थ म्हणजे तोंडाच्या टोकापासून पाठीचा कणा जिथे संपतो तिथपर्यंत, शेपटीचा पर सोडून. शेपटी हळूच बाजूला वाकवली की जिथे घडी पडते ती जागा. आणि गुदपरापर्यंतची लांबी, म्हणजे तोंडाच्या टोकापासून पोटाखालच्या गुदपराचा पहिला काटा जिथे सुरू होतो तिथपर्यंत.

उथळ पाण्यातल्या माशांवर काम केलेला माणूस सवयीने एकूण लांबी घेतो. खोल समुद्रात ती सवय मोडा. रॅटटेल किंवा ग्रेनेडियर म्हणतात ते मासे घ्या, खोल समुद्राच्या तळाशी जिकडेतिकडे सापडणारं घराणं. मोठं डोकं, आणि मागे निमुळती होत होत दोऱ्याइतकी बारीक झालेली शेपटी. ही शेपटी जाळ्यात तुटते, कधीकधी जिवंतपणीच तुटलेली असते आणि टोक भरून आलेलं असतं, वरवर पाहिलं तर पूर्ण वाटतं. शेपटी तुटल्याने वजन जेमतेम कमी होतं, लांबी मात्र बरीच.

आकडा घालून बघा. मासा मुळात ५० सेंटिमीटरचा, टोकाचे ८ सेंटिमीटर गेले, तुमच्या बोर्डावर ४२ आले. बी ३ धरला तर ४२ सेंटिमीटरच्या माशाचं वजन ५० वाल्याच्या सुमारे ५९ टक्के असायला हवं. पण तुमच्या काट्यावर जवळजवळ पूर्ण ५० वाल्याचं वजन आहे. म्हणजे ग्राफमध्ये हा मासा असायला हवा त्याच्या सुमारे १.७ पट जड दिसणार. असे पंधरा-वीस मासे असले की सगळी रेषा हलते. म्हणून रॅटटेलसाठी गुदपरापर्यंतचीच लांबी घ्यायची, ती शेपटी असो नसो तीच राहते. ज्यांची शेपटी खात्रीने धड आहे त्यांची एकूण लांबीसुद्धा घेऊन ठेवा, त्यावरून एक लांबी दुसरीत बदलायचं समीकरण तुमचं तुम्हालाच काढता येतं आणि जुन्या डेटाशी तुलना करायला ते फार कामाला येतं.

कायमेरा म्हणजे घोस्ट शार्कचं तसंच. शेपटीला चाबकासारखा दोरा असतो, तो कुठे संपतो यावर भरवसा नाही, म्हणून शेपटीच्या वरच्या पराच्या सुरुवातीपर्यंतच मोजतात. लँटर्नफिश, हॅचेटफिश, ब्रिसलमाउथ, ऑरेंज रफी यांना स्टँडर्ड लेंग्थ, कारण शेपटीच्या पराचे काटे मोडून गेलेले असतात. अँगलरफिशलाही स्टँडर्ड लेंग्थच, आणि डोक्यावरची गळाची काठी लांबीत धरायची नाही. वामसारख्या माशांना एकूण लांबी चालते पण शेपटीचं टोक भिंगातून बघून मगच.

मोजताना मासा सरळ ठेवा, तोंड मिटवा, उजवीकडे-डावीकडे ताणू नका. तोंड उघडं राहिलेल्या वायपरफिशचं टोक कुठलं धरायचं हे आधी ठरवा, लिहा, आणि शेवटपर्यंत तेच पाळा. लहान माशांत तर चूक महागच पडते. ३० मिलिमीटरच्या माशात १ मिलिमीटर जास्त वाचलात तर लांबीत ३ टक्क्यांच्या थोडी वर चूक होते पण अपेक्षित वजनात ती १० टक्क्यांची होते, कारण तिचाही घन होतो. म्हणून ५-६ सेंटिमीटरच्या खालचे मासे बोर्डावर नाही, कॅलिपरने मोजायचे, आणि प्रत्येकी दोनदा.

५) वजन: काट्यावर नक्की काय ठेवलंय?

साधारण दर १० मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो, म्हणजे १००० मीटरवर तो पृष्ठभागाच्या सुमारे शंभरपट. तिथून मासा अर्ध्या-पाऊण तासात वर ओढला की ज्यांना वायूने भरलेली वातपिशवी असते त्यांची ती फुगते आणि पोट तोंडातून उलटं बाहेर येतं. पोटातलं अन्न वाटेत पडलेलं असतं. उलट काही मासे जाळ्याच्या टोकाच्या पिशवीत दाटीत अडकल्यावर तिथेच समोरचं गिळतात, म्हणजे पोटात आहे ते त्यांचं नेहमीचं जेवण नसतंच. दोन्ही गोष्टी वजनात येतात.

याची टोकाची तऱ्हा ब्लॅक स्वॅलोअरमध्ये बघायला मिळते. हा स्वतःपेक्षा मोठा मासा गिळतो, पोट फुग्यासारखं ताणून पारदर्शक होतं, आणि आतला मासा घडी घालून ठेवल्यासारखा दिसतो. असा मासा तसाच काट्यावर ठेवलात तर तुम्ही दोन माशांचं वजन एका माशाच्या लांबीसमोर लिहिताय. तेव्हा शक्य असेल तिथे दोन वजनं घ्या, पूर्ण माशाचं आणि पोट-आतडी काढून. वेळच नसेल तर पूर्ण वजन घ्या आणि शेऱ्यात "पोट भरलेलं", "पोट उलटं", "पोट रिकामं" इतकं तरी लिहा. गाभोळी असेल तर तेही लिहा, गाभोळी भरलेली मादी आणि अंडी टाकून मोकळी झालेली मादी एकाच लांबीला वेगवेगळं वजन दाखवतात.

अँगलरफिशच्या काही जातींत बारकासा नर मादीच्या अंगाला कायमचा चिकटलेला असतो, कातडीत कातडी मिसळलेली. तो ओढून काढू नका! नमुना खराब होतो आणि असा नमुना फार क्वचित हाती येतो. नरासकट वजन करा, नर किती, कुठे आहेत ते लिहा, त्यांची लांबी वेगळी मोजा.

आता पाणी. मासा ट्रेमधून उचलून थेट काट्यावर ठेवू नका, कल्ल्यांत आणि तोंडात पाणी साठलेलं असतं. डोकं खाली करून पाणी निथळू द्या, मग टिश्यू पेपरने टिपा. टिपा म्हणजे टिपा, दाबू नका. स्नेलफिशसारख्या माशांच्या कातडीखाली जेलीसारखा पाणीदार थर असतो, जोरात दाबलं की माशातलंच पाणी कागदात येतं आणि तुमच्या डोळ्यांदेखत वजन उतरत जातं. सगळ्या माशांना सारखंच टिपा, एकदा कडकडीत कोरडं एकदा ओलं असं करू नका.

जहाजावर असाल तर साधा काटा विसरा. लाटेवर जहाज वर जाताना आकडा वाढतो, खाली येताना उतरतो, आणि तुम्ही मधला आकडा "पकडायला" बघता. हेलकाव्यांचा हिशोब करून वजन दाखवणारे खास मरीन काटे असतात, ते असतील तर वापरा, आणि दर तासाला माहीत वजनाने तपासा. नसेल तर मोठ्या माशांचं वजन जहाजावर घ्या आणि लहान माशांची फक्त लांबी घेऊन एकेक मासा वेगळ्या पिशवीत, चिठ्ठीसकट गोठवा, वजन जमिनीवर करा.

गोठवलेल्या माशाची गोष्ट अशी की वितळताना त्यातून पाणी सुटतं, आणि पाणीदार अंगाच्या खोल समुद्रातल्या माशांतून ते जास्तच सुटतं. पिशवी बंद ठेवून फ्रिजमध्ये सावकाश वितळवा आणि पिशवीतलं पाणी किती आलं ते वेगळं मोजून लिहा. नळाखाली धरून घाई करू नका. मी ती घाई केली होती, कातडी हातात सुटून आली.

बरणीतल्या नमुन्यांचं आणखी वेगळं. साधारण पद्धत अशी की मासा आधी १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये पक्का करतात आणि मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. अल्कोहोल अंगातलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे लांबीही आकसते आणि वजनही घटतं, पण दोन्ही सारख्या प्रमाणात नाही, आणि पाणीदार जातींत फरक जास्त पडतो. त्यामुळे ताजे, गोठवलेले आणि बरणीतले मासे एकाच रेषेत कधीही मिसळायचे नाहीत. फक्त बरणीतलेच हाताशी असतील तर त्यांचंच वेगळं समीकरण काढा आणि ठळक लिहा की हे बरणीतल्या माशांचं आहे. असं समीकरण निरुपयोगी नसतं, बऱ्याच दुर्मिळ जातींबाबत तेवढंच मिळू शकतं.

६) किती मासे पुरतात

संख्येपेक्षा पसारा महत्त्वाचा. २० ते २४ सेंटिमीटरमधले दोनशे मासे मोजून जो बी येतो तो डळमळीत असतो, आणि ८ पासून ४५ सेंटिमीटरपर्यंत पसरलेले चाळीस मासे त्याहून कितीतरी चांगलं उत्तर देतात. लांबीचे गट पाडा आणि प्रत्येक गटातून ठरावीक मासे घ्या, मधल्या गटात खोऱ्याने मिळतात म्हणून सगळे घेऊ नका.

खोल समुद्रात यात एक मेख आहे. बऱ्याच जातींत लहान मासे वरच्या पाण्यात आणि मोठे खाली असतात. एकाच खोलीवर जाळं ओढलं की एकाच मापाचे मासे येतात, आणि वरचे लहान मासे एका ऋतूतले, खालचे मोठे दुसऱ्या ऋतूतले असं झालं तर ऋतूचा फरक तुमच्या बी मध्ये घुसतो. खोलीचा कॉलम म्हणूनच हवा. अळ्या आणि अगदी कोवळी पिल्लं वेगळी ठेवा, त्यांची अंगाची ठेवणच वेगळी असते. नर-मादी ओळखता आले तर वेगळे लिहा, एकत्र करायचं की नाही हे नंतर आकडे बघून ठरवता येतं, पण न लिहिलेलं लिंग नंतर कुठून आणणार.

७) आकड्यांची रेषा

एकदाचं आलं गणित! लांबीचा लॉग घ्या, वजनाचा लॉग घ्या, मग ते वाकडं सूत्र सरळ होतं:

लॉग(वजन) = लॉग(ए) + बी × लॉग(लांबी)

रेषेचा स्लोप (चढ) म्हणजे बी, इंटरसेप्ट (रेषा उभ्या अक्षाला छेदते तो आकडा) म्हणजे ए चा लॉग. एक्सेलमध्ये स्लोप आणि इंटरसेप्ट नावाचीच फंक्शन आहेत, लाइनएस्ट वापरलं तर बी ची स्टँडर्ड एररही (म्हणजे बी किती डळमळीत आहे याचं माप) मिळते आणि ती लागणारच आहे. आर ही आकडेमोडीची संगणक-भाषा येत असेल तर एलएम फंक्शनने एका ओळीत काम होतं.

नेहमीचे घोळ इथे तीन होतात.

पहिला, ए काढताना इंटरसेप्टच ए म्हणून लिहून टाकणं. इंटरसेप्ट लॉग आहे, तो उलटवायचा असतो. १० च्या पायाचा लॉग घेतला असेल तर १० चा तितका घात, नैसर्गिक लॉग घेतला असेल तर ई (सुमारे २.७१८) चा तितका घात. अर्धे आकडे एका लॉगमध्ये आणि अर्धे दुसऱ्यात, हेही बघितलंय.

दुसरा, मिलिमीटर आणि सेंटिमीटर. बी ला एककाने फरक पडत नाही पण ए ला प्रचंड पडतो. मिलिमीटरमधला ए सेंटिमीटरमध्ये न्यायचा तर त्याला १० च्या बी-व्या घाताने गुणायचं. समजा बी ३.१ आहे, तर १० चा ३.१ वा घात म्हणजे सुमारे १२५९. मिलिमीटरमध्ये ए ०.०००००८ असेल तर सेंटिमीटरमध्ये तो ०.०१०१ च्या आसपास. तुमचा ए प्रकाशित आकड्याच्या हजारभर पटीने वेगळा दिसला की आधी एकक बघा, माशात काही बिघडलेलं नसतं.

तिसरा, आर-स्क्वेअर (रेषा बिंदूंना किती चपखल बसते ते सांगणारा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९८ आला म्हणून निश्चिंत होणं. लांबीचा पसारा मोठा असला की आर-स्क्वेअर नेहमीच उंच येतो, चुकीची लांबी घेतली तरी येतो. त्यापेक्षा प्रत्येक मासा रेषेपासून किती वर-खाली आहे याचा वेगळा ग्राफ काढा. तो ग्राफ केळ्यासारखा वाकलेला दिसला तर मासा वाढताना मधेच ठेवण बदलतोय, किंवा दोन जाती मिसळल्यात.

रेषेपासून लांब पडलेला बिंदू दिसायला बरा नाही म्हणून पुसायचा नाही. चिठ्ठी नंबर बघा, त्याचा फोटो उघडून बघा, शेरा वाचा. शेपटी तुटलेली सापडली, पोटात मोठा मासा सापडला, दशांश चिन्ह सरकलेलं सापडलं, तर कारण लिहून बाहेर काढा. काहीच सापडलं नाही तर तो मासा तसाच असतो, राहू द्या.

८) बी खरंच ३ पेक्षा वेगळा आहे का

नुसता ३.१२ बघून "मासा भरत जातो" असं लिहू नका. बी मधून ३ वजा करा आणि स्टँडर्ड एररने भागा. नुसतं उदाहरण म्हणून, ६० मासे, बी ३.१२, स्टँडर्ड एरर ०.०४: ०.१२ भागिले ०.०४ म्हणजे ३. साठ माशांसाठी उंबरठा २ च्या आसपास असतो, तो ओलांडला, म्हणजे फरक खरा मानायला हरकत नाही. ९५ टक्क्यांची पट्टी, म्हणजे खरा बी बहुधा ज्यात असेल ती, ३.०४ ते ३.२०. हाच बी पण स्टँडर्ड एरर ०.१० असती तर भागाकार १.२, आणि मग "३ पेक्षा वेगळा म्हणता येत नाही" एवढंच लिहायचं.

मग फिशबेस या माशांच्या माहितीच्या वेबसाइटवर तीच जात किंवा जवळची जात शोधा, तिथे वेगवेगळ्या अभ्यासांतले ए आणि बी लांबीच्या प्रकारासकट दिलेले असतात. एकाच जातीचे बरेच अभ्यास असतील तर लॉग ए विरुद्ध बी असा ग्राफ काढा, मत्स्यशास्त्रज्ञ रेनर फ्रोझे यांनी २००६ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली, सगळे बिंदू एका उतरत्या रेषेत बसतात आणि जो बाहेर पडतो त्याच्याकडे संशयाने बघायचं. तुमचा बाहेर पडला तर स्वतःच्या डेटाकडेही.

९) "तब्येत" काढताना जपून

फुल्टन यांच्या नावाचा एक जुना आकडा आहे, वजन भागिले लांबीचा घन, आणि जे येईल त्याला गुणिले १००. तो बी ३ असेल तरच नीट चालतो, नाहीतर मोठे मासे आपोआप धष्टपुष्ट किंवा आपोआप रोडके दिसतात. त्यापेक्षा १९५१ मध्ये ले क्रेन यांनी सुचवलेली तुलना घ्या, माशाचं खरं वजन भागिले तुमच्याच समीकरणातून त्या लांबीला येणारं वजन. १ च्या वर म्हणजे सरासरीपेक्षा भरलेला, खाली म्हणजे रोडका.

पण खोल समुद्रातल्या माशाबद्दल हे वाचताना एक गोष्ट मनावर घ्या, मला ती फार उशिरा कळली. तिथे अन्न कमी, म्हणून बऱ्याच माशांचे स्नायू पाणीदार असतात, हाडं पातळ असतात, अंग मोठं ठेवायचं पण त्यासाठी मांस कमी घालायचं अशी रचना. पाण्याचं अंग आणि मांसाचं अंग, घनता जवळजवळ सारखीच, दोन्ही समुद्राच्या पाण्याच्या आसपास. म्हणजे काट्याला माशाचं आकारमान कळतं, त्यात मांस किती आणि पाणी किती ते कळत नाही. उपाशी मासा मांस वापरून त्या जागी पाणी भरून घेतो तेव्हा लांबी तीच, वजन जवळजवळ तेच, तब्येत मात्र ढासळलेली. खऱ्या तब्येतीबद्दल बोलायचं असेल तर थोड्या माशांचं सुकं वजन काढा: मासा किंवा स्नायूचा तुकडा वजन करून ६० अंशाच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवायचा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. ओल्या आणि सुक्या वजनाचं गुणोत्तर तुम्हाला जे सांगेल ते लांबी-वजनाची रेषा सांगू शकत नाही.

वयाबद्दल तर अजिबात अंदाज बांधू नका. ऑरेंज रफी शंभर वर्षांच्या वर जगतो आणि मोठेपणी लांबीला जेमतेम वाढतो, सारख्या लांबीचे दोन मासे वयाने कित्येक दशकं वेगळे असू शकतात. त्यासाठी कानातल्या खड्यांवरची वलयं मोजावी लागतात.

१०) समीकरण उलटं वापरताना

हे सगळं आपण करतो कशासाठी, तर जिथे मासा काट्यावर ठेवता येत नाही तिथे वजन कळावं म्हणून. तळाशी सोडलेल्या कॅमेऱ्यासमोरून मासा जातो, दोन लेझर ठिपक्यांच्या अंतरावरून त्याची लांबी काढता येते, आणि तुमचा ए-बी त्याला वजन देतो. किंवा मोठ्या माशाच्या पोटात अर्धा पचलेला लँटर्नफिश सापडतो, त्याचं मूळ वजनही लांबीवरूनच काढावं लागतं.

दोन गोष्टी पाळा. तुम्ही मोजलेल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या माशाच्या बाहेर समीकरण ताणू नका. ए ०.०१ असताना ४० सेंटिमीटरला बी ३ असेल तर ६४० ग्रॅम येतात, बी ३.१ असेल तर सुमारे ९२५, आणि लांबी वाढेल तसं हे अंतर वाढतच जातं. दुसरं, लॉगमधून परत ग्रॅममध्ये आलात की सरासरी वजन थोडं कमी येतं. नैसर्गिक लॉगमध्ये रेषेभोवतीचं विखुरणं एस असेल तर ई चा (एस वर्ग भागिले २) वा घात घेऊन त्याने गुणा. एस ०.१५ असेल तर फरक १ टक्क्याच्या आसपास, ०.३ असेल तर साडेचार टक्क्यांच्या वर. १० च्या पायाचा लॉग वापरला असेल तर एस ला आधी २.३०३ ने गुणा, हे हमखास राहतं. एकेका माशापुरतं चालून जातं, पण हजारो माशांचं एकूण वजन काढताना ही तूट भरून काढावीच लागते.

११) लिहून देताना

ए आणि बी दोघांच्या ९५ टक्क्यांच्या पट्ट्या, माशांची संख्या, लांबीचा प्रकार, सगळ्यात लहान आणि मोठी लांबी आणि वजन, एककं, ताजे की गोठवलेले की बरणीतले, पूर्ण वजन की पोट काढून, लिंग, जागा, खोली, महिने, जाळं. एवढ्यातलं काहीही गाळलंत तर दुसऱ्याला ते समीकरण भरवशाने वापरता येत नाही. दुर्मिळ जातीचे फक्त सात-आठ मासे मिळाले असतील तरी द्या, संख्या कमी आहे हे समोर लिहून. आणि शक्य असेल तर एकेका माशाचे मूळ आकडेही सोबत जोडा, शेऱ्याच्या कॉलमसकट, "शेपटी तुटलेली", "पोट उलटं", "कातडी सोललेली" हे सगळं जसं त्या वेळी लिहिलं होतं तसंच.